सातव्याखालचं खाचर

१४ मे, गुरु.
मार्चनंतर आज वही उघडली. माफ कर, असं लिहिलं आणि थांबलो. कोणाला म्हणतोय? वाचणारा मीच. तरी दोन महिने गप्प होतो, हे खरं.
गोल्फ कोर्सच्या सातव्या ग्रीनवर पिवळे डाग, ताटाएवढे चार. मॅनेजरना कारण लेखी हवं. "सात जूनला स्पर्धा आहे. मेंबरांना काय चटईवर खेळवायचं?" लिहून दिलं: खुरपणीची जानी बूट घालण्याचा नियम पाळत नाही, टाचा व खुरपं लागून मुळं दुखावली.
पाणी वाढवलं. सकाळ-संध्याकाळ.

१६ मे, शनि.
जानीला कामावरून काढलं. काढा असं मी लिहिलं नव्हतं. (कार्बन कॉपी पाहिली. नव्हतं.) अनवाणी बायका मेंबरांच्या फोटोत येतात म्हणून बूट सक्तीचे झाले, पण ती नोटीस माझ्या सहीची. तिला एक नंबर मोठे मिळाले होते. पंपाच्या कट्ट्यावर ठेवून गेली, नाड्या आत खोचून.
स. साडेपाचला एकटाच चक्कर मारली. नऊ वर्षं त्या वेळी तिची हाक यायची, "सायेब, चाय पिली का?" आज फक्त फवारे.

१९ मे, मंगळ.
डाग वाढले. ओल मोजायचं मीटर कोरडं दाखवतं. अजून दहा मिनिटं पाणी.
नाशिकला फोन. लेक म्हणाली, "बाबा, आज कोणाशी बोललात?"
"हिराजी मुकादमाशी."
"कामाचं सोडून?"
रेंज नाही म्हणालो. रेंज होती.

२३ मे, शनि.
सातव्यावर होलची जागा बदलायची होती. यंत्राने मातीचा गोळा वर काढला. वरची दोन बोटं भाजलेली. खाली काळी, चिकट, नासका वास. मुळं जेमतेम नखाएवढी. गवत तहानेने नाही, पाण्याने मेलं. मी दिलेल्या. मीटर दोन बोटांच्या खाली मी कधी घातलंच नव्हतं.
हिराजी इथल्याच वडपे गावचा. हसायला लागला. "सायेब, हितं आमचं भाताचं खाचर व्हतं. पानी सोडीतच न्हाय ते. वर माती टाकली म्हून खाचर कुठं जातंय?"
"मग आधी बोलला का नाहीस?"
"तुमी शिकल्याले, शेतकी कॉलेजचं. मी काय बोलनार? आन जानी बोलली व्हती की. माझ्याम्होरं."
बोलली होती.

२४ मे, रवि.
एप्रिलची पानं कोरी. नेमकी तीच.
एप्रिलमधल्या त्या सकाळी जानी बूट काढून सातव्यावर उभी होती. "सायेब, वरनं तापलंय, खालनं गार हाय. पानी बंद करा." मी म्हणालो, "आधी बूट घाल." तिने घातले. हिराजीच्या त्याच खाचरात तिने वर्षानुवर्षं लावणी केलेली. हे मला माहीत नव्हतं. विचारलं नव्हतं.
अहवाल लिहिताना तिचं वाक्य विसरलो होतो का? काल दिवसभर म्हटलं, विसरलो होतो.
आठवत होतं.
आज पाणी बंद केलं. बूट-मोजे काढून सातव्यावर उभा राहिलो, बराच वेळ. मला फक्त चटके बसले. खालचं गार काही कळलं नाही.

२६ मे, मंगळ.
मॅनेजरना तोंडी सांगितलं. "झालं ते झालं. चर खणून पाणी काढा, गवताची नवी लादी बसवा. लेखी कशाला? उगाच तुमच्यावर येईल." चहा मागवला माझ्यासाठी. प्यालो. तो का प्यालो?
हिराजीला विचारलं, जानी येईल का परत.
"अकलोलीला बहिनीकडं हाय. बोलावल्यानं येनारी न्हाय ती. आन तुमी बोलावनार कुठल्या तोंडानं?" हसत म्हणाला. मीही हसलो, सवयीने.
कट्ट्यावरचे बूट ऊन खाऊन कडक झालेत. सावलीत ठेवले.
पाणी बंद केल्यापासून दोन दिवसांत डाग वाढले नाहीत. म्हणजे तिचंच बरोबर. मला मात्र अजून वाटतं, आणखी एक दिवस थांबून पाहावं, खात्री करावी—
नाही.

उद्या: नवा अहवाल लेखी देणे. जानीने काय सांगितलं होतं, ते पहिल्या ओळीत.