छपरासाठी कापणी

आबा,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी आज मंडळाची सभा आटोपून घरी आले आणि तुमच्याशीच बोलावंसं वाटलं. वादळात आपल्या वस्तीच्या समाजमंदिराचे पत्रे उडाले, तुम्ही चढवलेले. मंडळाची सचिव आता मी आहे. पैसे कसे उभे करायचे यावर पावसाळाभर नुसत्या सूचना. सव गावच्या गरम झऱ्यांवर लोक येतात, तिथे सुकट-भाकरीचा स्टॉल लावू, असं ठरलं. दोन रविवार चालला. तिसऱ्या रविवारी चूल पेटवायला मी एकटीच होते.

मग तुमची कापणी आठवली. बिरवाडीच्या कारखान्यातली पाळी संपवून तुम्ही घरोघर सांगत फिरताय, वर्गणी नको, घरटी एक माणूस नि एक विळा द्या. शिवथरकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याचं भात सगळ्यांनी मिळून कापायचं, मजुरी समाजमंदिराला. मी तेव्हा कॉलेजात. आई भाकऱ्या थापतेय आणि मी तुमच्यावर ओरडतेय, "ज्यांनी विटाळ नको म्हणून आजीला वरून पाणी ओतलं, त्यांच्याकडेच पुन्हा राबायला जायचं?" तुम्ही विळ्याला धार लावत होतात. मान वर न करता म्हणालात, "पोटासाठी नाय चाललो गो. मजुरी आपण ठरवलीय, भाकरी आपली हाय. त्यांच्याकडनं दान घेतलं तर मान खाली जाईल. तुला लाज वाटत असंल तर बस घरी." मी घरी बसले. संध्याकाळी सगळी वस्ती गाणी म्हणत परतली, त्यात मी नव्हते.

म्हणून यंदा मीच पुढे झाले. त्याच शेतकऱ्याच्या मुलाशी बोलून कापणी ठरवली. ग्रुपवर किती जणांनी अंगठे दाखवले! सकाळी रस्त्यावर मी आणि दोन म्हाताऱ्या. त्यांतली एक म्हणाली, "माणसं कुठं हायत गो?" तिघी गेलो. दुपारपर्यंत एक चोंढा, भाताचा एवढासा तुकडा, कसाबसा संपला. माझी कंबर धरली, दुसऱ्या म्हातारीने बोट कापून घेतलं. शेतकऱ्याचा मुलगा बांधावर आला. वाईट नाही हो तो. म्हणाला, "मावशी, राहू द्या आता. उद्या मशीन येतंय. छपराला किती लागतात सांगा, मी देतो." म्हाताऱ्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मी घेतले, आबा. पत्रे येत्या आठवड्यात चढतील. आजच्या सभेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण मी सांगितलं, मजुरी मिळाली. त्या दोघीही गप्प बसल्या. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. पैसे हातात आले तेव्हा मला लाज वाटली नाही. आता घरी जाऊन पडता येईल, एवढंच मनात आलं.