सूपभर कोंड्याची पोर

उंद्री, ता. ६ सप्टेंबर १९६३

चि. शेषराव यास अक्काचे पोटभर आशीर्वाद. इकडे सारे खुशाल. तू साहेब झाल्यापासून तुही चिठ्ठी दिवाळी-दसऱ्यालेच येते, म्हणून मीच लिहून राह्यली.

आमच्या मागच्या घरची केसरबाई तुले आठवत असंल. नवरा खानदेशात गेला तो गेलाच. बरी असली म्हणजे पोरीची वेणी घातल्याबिगर तिले अंगणात येऊ देत नाही; पण मधूनमधून डोकं फिरते, मंग पोरीले आत ठेवून बाहेरून कडी लावते अन् रानोमाळ हिंडत सुटते. या खेपेस दोन रोज आलीच नाही. आम्ही कडी काढली तं तिची पोर कोंडी जात्यापाशी बसून कोरडं पीठ खाऊन राह्यली होती. सहा वर्षांची पोर, रडत बी नव्हती.

कोंडी म्हणजे तीच, मी विकत घेतलेली. केसरबाईची आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून ही झाली तवा तिनं माह्याकडून सूपभर कोंडा घेतला अन् पोर माह्या ओटीत टाकली. दुसऱ्याची झाली की जगते म्हणतात. वाढली तिच्याच घरी, पण तिनं आजवर 'माही' म्हणून तोंडातून काढलं नाही.

अशा लेकरांसाठीच तुहं खातं आहे ना? मंग काऊन बसला? ये लवकर. तुह्या भाऊजीचं म्हणणं, शेजारच्या भानगडीत पडू नको. तू तिकडं ध्यान देऊ नको.

मायेनं वाट पाहणारी,
अक्का

---

बुलढाणा, ता. २८ सप्टेंबर १९६३

ती. सौ. अक्कास शेषरावचा शि. सा. न. वि. वि. तुझे टोमणे पोचले, बरे लागले.

कोंडी आता इथल्या बालगृहात आहे. मी तिला घेऊन निघालो तेव्हा केसरबाई शुद्धीवर होती आणि एसटीमागे फाट्यापर्यंत धावली, हे तू पाहिलंसच. पुढचं तुला ठाऊक नाही. बाल न्यायालयात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तिला साधाच प्रश्न केला, ही मुलगी तुझी का? तिनं हात जोडून सांगितलं, माझी नाही जी, मी सत्यभामाबाईले विकली. म्हणजे तुला. साहेब कोकणातले. त्यांना हे ठाऊक नव्हतं. मी उठून आपल्याकडची रीत समजावली. ते म्हणाले, रीत असेल, पण आई शपथेवर नाकारते आहे, तेच मला लिहावं लागेल.

खरं सांगू? क्षणभर मला बरंच वाटलं. त्या कडीमागे पोरीला परत पाठवायचं धाडस माझ्यात नव्हतं. पण रात्री जेवण गेलं नाही. पीठ खाणारी पोर आठवली की वाटतं ठीक केलं, फाट्यावरची ती बाई आठवली की वाटतं घात केला.

जानेवारीत फेरविचार आहे. आई 'माझी' म्हणाली, तिची तब्येत नीट राहिली, तर पोर परत मिळू शकते. किंवा तुम्ही दोघांनी ठेवून घेतली तर उद्याच. भाऊजींना विचार.

तुझ्या रागालोभाचा धनी,
शेषराव

---

उंद्री, ता. १९ डिसेंबर १९६३

चि. शेषराव यास आशीर्वाद. उत्तराले उशीर झाला, कारण घरात धुसफूस चालू होती. हे नाही म्हणतात. घरात आपल्याच तीन पोरी, अन् केसरबाई डोकं फिरलं की दारात येऊन बसंल, हे त्यांचं म्हणणं. मी भांडली, जेवली नाही, अबोला धरला. काही उपेग झाला नाही.

केसरबाई मात्र सुधरली रे! कपाशी वेचाले जाते, घर सारवते. दर बाजारच्या दिवशी भाकर बांधून बुलढाण्याले जाते. फाटकावर विचारतात, तू पोरीची कोण? ही म्हणते, कोणी नाही. मंग आत कोण सोडंल? भाकर फाटकावर ठेवून वापस येते.

मी तिले लय बोलली. म्हटलं, एक शब्दासाठी पोर घालवशील काय? ती म्हणे, दोघांले माही म्हटलं होतं, दोघंबी गेले. शेवटी काल माह्या गळ्यात पडून हो म्हणाली. जानेवारीत मी तिले घेऊन येते. आम्ही दोघी तुह्या भरोशावर येऊन राह्यलो, हे ध्यानात ठेव.

अक्का

---

बुलढाणा, ता. १४ मार्च १९६४

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि. तुझ्यासमोरच जानेवारीत केसरबाई बोलली, माही हाय, म्याच जनली. होळीनंतर पोर घरी पाठवायचं ठरलं. आणि फेब्रुवारीत बालगृहात गोवर आला.

कोंडी दवाखान्यात तापानं फणफणली होती. केसरबाईला कळलं तशी ती आली, पण खाटेजवळ गेली नाही. सरळ माझ्या कचेरीत येऊन म्हणाली, साहेब, ते 'माही हाय' म्हटलेलं खोडून टाका. मी नकार दिला, हात धरून समजावलं, चिडलोसुद्धा. ती तडक न्यायालयात गेली आणि साहेबांच्या पायांवर डोकं ठेवून पोर नाकारली. त्यांनी पुन्हापुन्हा विचारलं. तिचं एकच उत्तर.

त्यानंतर ताप उतरला. गोवराचा ताप उतरतोच, अक्का. पण हे आता केसरबाईला कोण पटवणार? घडीघडी शब्द फिरवणारी बाई म्हणून साहेबांनी मुलगी सज्ञान होईपर्यंत इथेच ठेवायचा हुकूम दिला. मी विरोध करू शकलो नाही. करायला हवा होता का, तेही कळत नाही.

आणखी एक. बालगृहातल्या कुणा बाईनं पोरीला सांगून टाकलं की तुझी आई तुला नको म्हणाली. आता कोंडी आईचं नाव काढत नाही. मी गेलो की विचारते, मी तं सत्यभामाबाईची हाय ना, मंग ती मले न्याले कधी येते? तिला काय सांगू?

तुझा,
शेषराव

---

उंद्री, ता. २३ मार्च १९६४

चि. शेषराव यास आशीर्वाद.

तुही चिठ्ठी ह्यांले वाचून दाखवली. ऐकून घेतली अन् गोठ्यात निघून गेले. मी या खेपेस भांडली नाही. माह्यातच दम राह्यला नाही.

केसरबाई घरोघर गूळ वाटून राह्यली, पोर वाचली म्हणून. मले बी दिला. खाल्ला, काय करू? आता तिकडं जात नाही. म्हणे, आपण नजरेसमोर नसलेलंच बरं.

कोंडीले सांग, सत्यभामाबाई बी नाही म्हणाली. तिच्या मायनं तिच्या जिवासाठी नाही म्हटलं. मी कायच्यासाठी म्हटलं, हे तेवढं तिले सांगू नको.

माह्यावरची माया कमी झाली तरी चिठ्ठी टाकत जा.

तुही,
अक्का