मिसेस पेनफोल्डांचा खोकला

६ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प एकच. लीज वाढवून घेणे. फ्लॅट आमचा, पण जमीन तळमजल्यावरच्या मिसेस पेनफोल्ड यांची. लीजची ऐंशी वर्षं शिल्लक असतानाच अर्ज केला तर वाढ स्वस्तात मिळते. त्याखाली एक दिवस जरी घसरला, तर फ्लॅटच्या वाढलेल्या किमतीतला अर्धा वाटा बाईंचा. आमच्याकडे तेवढे पैसे नाहीत.
माझ्या बायकोला, हिलरीला, तीन जिने चढवत नाहीत. फ्लॅट विकून तिला बिनजिन्याचं घर हवंय. गिऱ्हाईक तयार आहे, पण आधी लीज वाढवा म्हणतंय. लीजवरची सही जूनमधली, म्हणजे जूनपर्यंत अवकाश. घाई हे असंस्कृतपणाचं लक्षण.

१४ जानेवारी
सॉलिसिटर म्हणतो, अर्ज म्हणजे बाईंना रीतसर नोटीस द्यायची. जिच्याशी रोज जिन्यात हवापाण्याच्या गप्पा होतात तिला नोटीस? त्याऐवजी लिंबाचा केक घेऊन गेलो. साम आणि दान एका ताटलीत.
बाई खोकत होत्या. खोकला खोल वाटला. वय सत्त्याऐंशी. वारस एक भाचा, तोही कॅनडात. त्याला या जागेत काय रस असणार, देऊ ते घेईल. हे कुणाच्या वाईटावर टपणं नव्हे. नियोजन.

४ फेब्रुवारी
आता दर बुधवारी केक. आज खोकल्यात शिट्टी ऐकू आली. घरी सांगितलं. हिलरी म्हणाली, "क्लेमंट, तू तिच्या मरणाची वाट बघतोयस आणि ती तुझे केक खाऊन बाळसं धरतेय."
बायकांना मुत्सद्देगिरी कळत नाही. शिवाय सरकार तो अर्ध्या वाट्याचा नियमच रद्द करणार, असं पेपरात आलंय. हिलरी म्हणाली, "उद्या ऊन पडणार असंही आलंय."

२० फेब्रुवारी
हिलरी जिन्यात पडली. हाड मोडलं नाही, कंबर दुखावली. आता ती खाली उतरतच नाही. एका अर्थी बरंच. वाटाघाटीत तिची लुडबुड नको.

१८ मार्च
हिलरीने अंथरुणातूनच सॉलिसिटरला फोन करून नोटीस मागवली. समोर बसवून माझी सही घेतली. मी दोनदा वाचून पाहिली. भाषा अगदीच रुक्ष.

२४ मार्च
नोटीस कोटाच्या आतल्या खिशात घालून खाली गेलो. बाईंनी चहासोबत खायला स्कोन केले होते, ठेवणीतल्या कपबश्या काढल्या होत्या. दिवंगत नवऱ्याबद्दल, वॉल्टरबद्दल बोलत होत्या. बाई डोळे पुसत असताना त्यांच्या हातात कायद्याचा कागद ठेवणार कसा? दोनदा हात खिशाकडे गेला. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "अजून चहा घे, बाळा."
निघताना म्हणाल्या, "उद्या लेडी डे, वर्षाच्या हिशेबाचा दिवस. जमिनीचं भाडं घेऊन येशीलच. सगळं उद्याच बोलू. घाई कसली?" किती समंजस बाई.
हिलरीने विचारलं, दिलीस? दिली म्हटलं. उद्या देणारच आहे, तेव्हा असत्य म्हणता येणार नाही.

२५ मार्च
भाडं दिलं. नोटीसही दिली. बाईंनी शेरी ओतली, चष्मा लावला, सावकाश वाचलं.
मी म्हटलं, मुदत जूनपर्यंत होती, पण मला लांबण लावणं आवडत नाही.
"सही जूनमधली, बाळा. लीज मोजायची ती लेडी डेपासून. भाडं आजच्याच दिवशी का आणतोस, कधी विचार केलास? ऐंशी वर्षं पुरी होती ती कालपर्यंत."
मी शेरीचा घोट घेतला. मग म्हणाल्या, "काल तुझा हात खिशाकडे जायला लागला आणि माझा जीव टांगणीला लागला. वॉल्टरबद्दल इतकं तर मी त्याच्या दफनालाही बोलले नव्हते."
पेला उचलला. "तू माझा खोकला मोजत होतास, मी तुझे बुधवार."
शेरी चांगली होती, हे मान्य केलं पाहिजे.

३ एप्रिल
गिऱ्हाईकाने दुसरीकडे घर घेतलं. हिलरीला सांगावंच लागलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "दिली म्हणाला होतास." मी नियम रद्द होण्याचं पुन्हा समजावलं. तोवर तिने बहिणीला फोन लावला होता.

११ एप्रिल
तिची बहीण ग्वेन दोन माणसं घेऊन आली. हिलरीला खुर्चीत बसवून तिन्ही जिने उतरवलं. मी पुढे राहून "सांभाळून, सांभाळून" म्हणत होतो. कुणीतरी सूत्रं हाती घ्यावी लागतात.
खालच्या दारात बाईंनी हिलरीचा हात धरला. दोघी बराच वेळ कुजबुजल्या, एकदा हसल्याही. गाडीत बसल्यावर हिलरीने काच खाली केली. मला वाटलं, कधी येतोस असं विचारील. म्हणाली, "केकचा साचा ठेवलाय तुला."
ग्वेनच्या मागच्या खोलीत एकच पलंग मावतो म्हणे. काही दिवसांचा प्रश्न आहे.

२२ एप्रिल
बुधवार. केक जरा करपला. बाईंचा खोकला पार गेला. फुप्फुसं तिशीतल्या बाईसारखी आहेत असं डॉक्टर म्हणाले, आणि तो गुण माझ्या लिंबांचा असं बाई म्हणाल्या. नियम रद्द होणारच आहे. तोवर संबंध बिघडवण्यात अर्थ नाही.
जिना चढताना मलाच जरा खोकला आला. बाईंनी दार उघडून चौकशी केली.
कोरडा आहे की खोल, असं विचारत होत्या.