बाबांविषयी दोन शब्द

ता. ४ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

बाबांच्या शोकसभेत घरातर्फे तूच बोल. माझा पाय प्लास्टरमध्ये, प्रवास बंद. नाहीतर हे तुझ्यावर ढकललं नसतं. अग्निशमन केंद्रातले सगळे येतील, त्यांच्या हाताखाली तयार झालेले जवानही. भाषण पाठ करू नकोस. पाठ केलेलं एका शब्दाशी अडलं की सगळंच कोसळतं. मुद्दे तेवढे कागदावर घे. नजर शेवटच्या रांगेवर ठेव. आवाज कापला तर थांब, लोक थांबतात.

एक्स-रे काढताना "श्वास रोखा, सोडा" एवढ्यावर तुझी नोकरी निभते, हे ठाऊक आहे. पण आता तोंड उघडावंच लागेल, बाई! आईला जप.

तुझा,
लंगडा दादा

ता. १० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मुद्दे काढायला बसले, कागद कोराच राहिला. जवान भेटायला येतात, बाबांच्या गमती सांगून रडतात. आगीवरून परतताना बंबात ते सगळ्यांना हसवायचे म्हणे! आपल्याकडे तर दारात त्यांची चप्पल वाजली की रेडिओ बंद व्हायचा. तू शिकायला बाहेर पडलास आणि सुटलास.

खोटं कौतुक मला जमणार नाही, आणि गेलेल्या माणसाची उणीदुणी काढायला कुणी सभा भरवत नाही. काल आरशासमोर सराव केला. ते कर्तव्यदक्ष होते, यापुढे गाडी सरकेना. कपड्यांच्या घड्या घालता घालता आई म्हणाली, की एवढं तर त्यांच्या प्रमाणपत्रावरही लिहिलंय.

काय बोलू, ते उलट टपाली कळव. रागावू नकोस.

तुझी,
चिमी

ता. १५ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

इतकी वर्षं वर्गात बडबडतो, पण बाबांवर मलाही एक वाक्य सुचलं नाही. रागावू कशाला? खरं असेल तेवढंच बोल. थोडं झालं तरी चालेल. आमची आठवण असू दे.

दादा

ता. २२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सभा झाली. बंब बाहेर काढून शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मी म्हणाले, की बाबा आगीत शिरायचे तेव्हा आम्ही घरी जीव मुठीत धरून बसायचो आणि ते आले की गप्प व्हायचो. आमच्यापेक्षा तुम्हीच त्यांना जास्त ओळखता. पुढे कागदावर काहीच नव्हतं.

तेवढ्यात आई उठली. चारचौघांत कधी चकार शब्द न काढणारी आपली आई माइकशी आली. तिने जवानांना विचारलं, की हे तुमच्यात हसायचे म्हणता, ते कसे हसायचे? कुणी दाखवाल का?

मग एक म्हातारे बंबचालक उभे राहिले. आधी नुसते खांदे गदगदले, आवाज नाहीच. मग अडकलेली उचकी सुटावी तसं एकदम खोखो. हसता हसता ते रडायला लागले. मागून कुणी म्हणालं, की शेवटी मांडीवर थाप राहिली. त्याने मारून दाखवली. मग सगळेच तसे हसायला लागले, डोळे पुसत. आई एकेकाचा चेहरा निरखून पाहत होती.

आम्ही घरी आलो. कुलूप काढताना आई म्हणाली, की आपला दादा अगदी असाच हसतो.

पाय बरा झाला की ये. तिने बोलावलंय. माया आहेच, ती राहू दे.

तुझी,
चिमी