खांद्यावरचा डाग

मंगळवार, दिवेलागण

सकाळी दगडूचे आबा दारात बसून राहिले. खुनाच्या शिक्षेविरुद्धचं दगडूचं अपील सुनावणीला लागलंय. "त्या दिन तो एरंडोलले बहीणना घर व्हता. ताई, तू त्यानं तोंड देखं व्हतं का?" मी हो म्हणाले. कोर्टातही हेच म्हणाले होते, त्यावरच तो आत गेला.

पण आठवायला बसले की चेहरा येतच नाही. खुनानंतर आमच्या केळीतून पळणारी पाठ येते, आणि सदऱ्याच्या खांद्यावरचा चिकाचा काळा डाग.

आत्ता मळ्यात गेले, तर तोच डाग केळीत पाठमोरा उभा. तोंडातून निघूनच गेलं, "दगडू!"

पाठ वळली. माझा धाकटा भाऊ, हसत. "काय व्हयनं अक्का? भूत देखं का?"

चिकाचा डाग कधी जात नाही, म्हणून घड वाहायला खोपीत एकच जुना सदरा असतो. जो कामाला येईल तो घालतो, दगडूही घालायचा. हे मला माहीत नव्हतं? होतं की! मग कोर्टात का नाही सुचलं?

मी भावाला एवढंच विचारलं, त्या दिवशी हा सदरा कोणी घातला होता?

तो हसायचा थांबला.