ठिगळीची शेपटी

ता. ४ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. कारण सांगत बसले तर कागद तिथेच संपेल. तुझ्या दुकानातून पळाल्यापासूनची ही चौथी नोकरी, पण ही टिकलीय. मी देवमासे मोजायच्या बोटीवर आहे. उरलेत थोडेच. दर उन्हाळ्यात ते कुठून कुठून पोहत इथल्या गार पाण्यात पोट भरायला येतात. बुडी मारताना शेपटी वर येते, तिच्याखालचे काळे-पांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे. जुन्या फोटोंवर पातळ कागद ठेवून त्या शेपट्या उतरवायच्या, हे माझं काम. फोटो ऑफिसच्या कपाटात, बोटीवर माझे कागद. (इथल्या मांजरीला पिल्लं झालीत. एक अगदी तुझ्यासारखं मिशाळ आहे. असो.)

ठिगळी मात्र आली नाही. शेपटीच्या डाव्या अंगाला पांढरं ठिगळ असलेली मादी. चार उन्हाळे दिसली नाही की आमच्या ऑफिसच्या बाई तिचं नाव हरवलेल्यांच्या वहीत टाकतात. हा चौथा, आणि मुदत महिनाअखेर. बोटवाले काका तिला वीस वर्षं ओळखतात. आता त्यांना लांबचं दिसत नाही, सगळा भरवसा माझ्या कागदांवर. रोज म्हणायचे, येईल, वाट चुकली असेल. परवापासून तेही म्हणत नाहीत.

एक नवीन आलीय, पिल्लू घेऊन. तिच्या नि ठिगळीच्या शेपटीचे कागद पाठवतेय. उरल्यासुरल्या कापडातून दोन्ही कापून दे, काकांच्या जॅकेटवर लावीन. एक गेलेली, एक आलेली.

मामीला नमस्कार. मी लांब गेले म्हणून लोभ आखूड करू नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. १३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मिशाळ मांजर पोचलं. तेव्हापासून तुझी मामी मला चहाऐवजी दूध हवं का म्हणून विचारतेय.

आता कामाचं. दोन्ही शेपट्या एकदम कापाव्यात म्हणून मी कागद शिंप्याच्या सवयीने ठेवले, सुलट बाजूवर सुलट. टाचण्या मारल्या नि हात थांबला. एकीचं डावं ठिगळ दुसरीच्या उजव्या ठिगळावर बसलं, काठाची खाच खाचेवर. मामीने चष्मा लावून पाहिलं. म्हणाली, अहो, या दोघी नाहीत, ही एकटीच आहे.

भिंगरे, ठिगळीचा कागद शाईने पक्का करताना पालथा घातलास का? नऊ वर्षांची असताना माझ्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्यास. मी ओरडलो, तू माळ्यावर जाऊन बसलीस. आताही पळशील, याचीच धास्ती आहे. चूक उसवता येते गं, पळालेल्या माणसाचं काय उसवायचं? बाईंना जाऊन सांग. नोकरी गेली तर जाऊ दे, पण जित्या जिवाला हरवलेल्यांत घालू नकोस.

मापाच्या वहीतलं तुझं पान मी खोडलेलं नाही. मामी म्हणते, माप जुनं झालं. असू दे.

खुशाली कळवत जा. राग कधीच विरलाय.

तुझा,
मामा


ता. २६ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

खोटं कशाला बोलू, तुझं पत्र वाचून आधी पिशवीच भरली. बसस्टॉपवर एक बाई स्वेटर विणत होती. चुकली, चार ओळी उसवल्या, पुन्हा विणायला लागली. तिच्याकडे बघता बघता बस गेली. मग मागे फिरले.

बाईंना सांगितलं. त्यांनी कपाटातून फोटो काढला. ठिगळ उजवीकडेच! पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मी कागद उलटून मागून शाई फिरवली होती, नि नंतर तीच बाजू सुलट धरली. बाईंनी फोटोवर कागद ठेवून पाहिला. मग म्हणाल्या, सगळे एकशे बारा कागद तपासून दे, तोवर इथून हलायचं नाही. म्हणजे नोकरी आहे!

काका धक्क्यावर दोर गुंडाळत होते. ऐकून म्हणाले, महिनाभर जिला पाहुणी पाहुणी म्हणत होतो ती आपलीच? मग पाठ फिरवून तोच दोर सोडला नि पुन्हा गुंडाळत बसले. आज सकाळी ती बोटीच्या अगदी जवळ आली, पिल्लू कुशीला. काकांनी नावाने हाक मारली. तिला काय कळणार म्हणा, पण त्यांचा आवाज मला कळला.

तेव्हा शेपटी एकच काप. शेजारी एक छोटी.

थंडीच्या तोंडाशी मासे माघारी निघतात, बोट बंद होते. तेव्हा मी येतेय. तोवर जुन्या मापावर माझं काही कापू नकोस, दोर ओढून खांदे रुंद झालेत. पान तेच ठेव.

लोभ नि टेप, दोन्ही हाताशी असू देत.

तुझीच,
भिंगरी