भिंतीच्या अपेक्षा

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
११ मे १९९९

ति. गुरुदत्तदादाला सहदेवचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे मजेत. तुझी तब्येत बरी असेल. आवडाआत्याचा गुडघा कसाय ते कळव. आणि आता खाली बस. तुझी नि चित्राची पत्रिका जुळलेली नाहीये. ते छत्तीसपैकी छत्तीस गुण आले ना, ते माझ्यामुळे. मुद्दाम नाही केलं रे. (म्हणजे मुद्दामच केलं, पण दुसरंच काहीतरी.) फोनवर बोललो असतो, पण मंडळाचा फोन अण्णांच्या मांडीजवळ असतो, आणि तुझ्या होणाऱ्या सासऱ्याच्या मांडीजवळून असलं बोलता येत नाही.

तुला माहितीये, अण्णांच्या वधूवर मंडळात तीन कॉम्प्युटर. एक स्थळांचा, एक पत्रिका जुळवायचा, आणि मधल्यातून इंटरनेट येतं. त्या मधल्यावर फायरवॉल नावाचा प्रोग्राम, म्हणजे बाहेरून कोण आत येणार ते ठरवणारी भिंत. कल्याणचं मंडळ टेलिफोनच्या वायरीतून आपली स्थळं ओढून नेईल अशी अण्णांना भीती, म्हणून बसवलेली. पण ती मेली क्रिकेटचा स्कोअरपण आत सोडेना. मग मासिकाबरोबर एक फुकट सीडी आलेली, त्यात त्याच भिंतीचं नवीन व्हर्जन होतं. मी अण्णांना पटवलं, की जुन्या भिंतीला भोक पडलंय, कल्याणहून थेट दिसतं. नवीनला 'बीटा' म्हणतात, म्हणजे अजून बाजारात यायचंय. अण्णांना कळेना, तर मी म्हटलं, साखरपुडा झालाय, लग्न बाकी आहे. अण्णा म्हणाले, "म्हणजे मोडू शकतं." माणूस धंद्यात मुरलेला आहे.

सीडीसोबतच्या कागदावर कॉम्प्युटर कसा पाहिजे ते लिहिलेलं. पेंटियम पाहिजे, चौसष्ट एमबी रॅम पाहिजे, नेटवर्क कार्डं दोन पाहिजेत. अण्णांनी चष्मा लावून ते एखाद्या स्थळाच्या फॉर्मसारखं वाचलं आणि म्हणाले, "अपेक्षा फार आहेत. तडजोड करायला सांग." आपल्याकडे रॅम बत्तीस. मी बटण दाबलं, तिने नकार दिला. अण्णांचा नियम असा, की पहिल्या नकाराला नकार धरायचा नाही, चार दिवसांनी परत विचारायचं. (अर्धी डोंबिवली त्यांनी अशीच उजवलीये.) मी चार दिवस रोज विचारलं. भिंत चौसष्टच्या खाली येईना, आणि तिकडे मॅच संपत आलेली. शेवटी अण्णा जेवायला गेल्यावर पत्रिकेचा डबा खोलला, त्याची बत्तीसची पट्टी काढली आणि भिंतीला लावली. पत्रिकेला ठेवली आठची. म्हटलं, ग्रहांना कशाला लागते एवढी रॅम.

भिंत खूश, स्कोअर पण आला. पण पत्रिकेचं डोकं फिरलं. कोणालाही कोणाशी जुळवा, छत्तीस. मी माझी माझ्याशीच जुळवली, छत्तीस. मंडळाच्या फ्रिजची जन्मतारीख म्हणून बिलावरची तारीख घातली आणि शेवंतीशी जुळवला (आमची टायपिस्ट, चिडलीये), छत्तीस. आठ दिवसांत एक्याऐंशी जोडपी छत्तीस गुणी निघाली. अण्णांना संशय? छे. त्यांना वाटलं, नवीन भिंतीमुळे वाईट स्थळं आत येईनाशी झाली.

त्याच आठवड्यात त्यांनी तुमची पत्रिका स्वतः काढली. दोन वर्षं "जुळली तर बघू" म्हणून तुला टांगून ठेवलेलं ना? छत्तीस बघून उठले आणि सगळ्या मजल्याला पेढे वाटले. मग मूडमध्ये येऊन स्वतःची नि सरोजकाकूची पण काढली. लग्नाच्या वेळी त्यांचे बारा जुळलेले, आणि तीस वर्षं प्रत्येक भांडणात ते बारा निघतात. आता छत्तीस. दोन दिवस अण्णा तो कागद खिशात घालून फिरले. तिसऱ्या दिवशी काकूला गजरा आणला. काल बसून मेथी निवडत होते. काकू मला कोपऱ्यात घेऊन विचारते, डॉक्टरने यांना काही सांगितलंय का रे.

आता लफडं असं, की बीटाची मुदत तीस मेला संपते. त्या दिवशी भिंत आपोआप बंद. मग माजिवड्याचा इंजिनिअर येऊन पक्कं व्हर्जन टाकणार, तिन्ही डबे खोलणार, आणि पट्टी जागेवर लावणार. लावली की अण्णा पहिली तुमचीच पत्रिका काढतील, देवापुढे ठेवायला कोरी प्रत पाहिजे म्हणून. आणि तुमचं लग्न सहा जूनला.

म्हणून हात जोडतो, लग्न तीसच्या आत घे. हॉल मी बघतो. कारण सांग, आत्याचा गुडघा. आत्याला मोठ्या भावाच्या मुलाचा नमस्कार, बाकी काही सांगू नकोस.

तुझा आज्ञाधारक,
सहदेव

ता. क. काल दहा मिनिटं पट्टी परत लावून तुमचे खरे गुण बघितले. साडेसहा. (अर्धा कशाचा ते मी विचारलं नाही.) तुला माघार घ्यायची असेल तर पुढच्या बुधवारच्या आत कळव, म्हणजे मी गावाला निघून जातो.

ता. क. २. राहवलं नाही, चित्राला सांगून टाकलं. ती म्हणाली, "साडेसहा? मला वाटलं तीन-चार असतील. पण त्याला बोलू नकोस हां, घाबरट आहे तो." मी तिला आईची शपथ घेऊन वचन दिलंय, की तुला सांगणार नाही. तेव्हा दादा, तुझ्या पाया पडतो, तुला हे माहितीये हे कोणालाच सांगू नकोस. अण्णांना तर नाहीच, पण तिला त्याहून नाही.